अक्कासाठी टोपली

अक्काला काय आवडतं, हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदा निघाला तो तिच्याकडे काहीतरी मागायचं होतं म्हणून.

शनिवारी दुपारी वकिलाच्या स्वयंपाकघरात तिघं जमली होती. वकील, त्याची बायको आणि त्याची धाकटी बहीण. ओट्यावर जाड मिठाची पाकिटं, साखर, खायचा सोडा, लिंबाचं सत्त्व, बदामाचं तेल, मेणाच्या वड्या आणि वहिनीने स्वतःच्या औषधांच्या दुकानातून आणलेला नाजूक तराजू. मधोमध वेताची टोपली. ती रिकामी होती, आणि दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसांनी आतल्या दाराकडे बघावं तशी तिघंही तिच्याकडे बघत होती.

कल्पना धाकटीची. ती एका मोठ्या हॉटेलच्या रिसेप्शनवर उभी असते. (रिसेप्शनवर बसायला खुर्ची नसते. हे समोरच्या सोफ्यावर बसणाऱ्यांना कधी कळत नाही.) त्या हॉटेलच्या तळघरात एक स्पा आहे. लोक कपाळावर आठ्या घेऊन जिना उतरतात आणि तासाभराने धुतलेल्या बटाट्यासारखे स्वच्छ आणि निर्विकार होऊन वर येतात. त्या अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो, हे धाकटीने पुष्कळदा पाहिलं होतं. म्हणून अक्काचा फोन आला तेव्हा तिला आधी तो स्पाच आठवला.

फोनवर अक्का एवढंच म्हणाली होती, "रविवारी सगळे या. आईचं ठरवायचंय. मला आता पुढे जमायचं नाही."

अक्का थोरली. बाबांना दम्याने धरलं तेव्हा नोकरी सोडून आईबाबांच्या घरी राहायला आली ती अक्का. बाबा बरीच वर्षं धापा टाकून गेले, आणि ते गेल्यावर घरात जरा मोकळी हवा येते न येते तोच आईचे पाय गेले. तेव्हा अक्का थांबली. थांब असं तिला कुणीच म्हणालं नव्हतं. नको थांबूस असंही कुणी म्हणालं नव्हतं. त्या घरात गोष्टी अशाच ठरतात.

आणि आता ती ठरवायचं म्हणत होती. आई आहे तिथेच राहावी, यावर बाकीच्या तिघांचं एकमत होतं; इतकं एकमत त्या घरात बाबांच्या अंत्ययात्रेनंतर प्रथमच झालं होतं. वकिलाची कारणं सगळ्यांना पाठ होती. घर तिसऱ्या मजल्यावर, पुढच्या खोलीत अशिलं, मुलाची परीक्षा. मुलगा परीक्षेला बसायला लागल्यापासून त्याची परीक्षा कधी संपलेलीच नव्हती. धाकटीचं कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. हॉटेलवाले समुद्रकाठी नवी शाखा काढत होते आणि तिथल्या रिसेप्शनची प्रमुख म्हणून त्यांनी तिला विचारलं होतं. राहायला खोली, खोलीला खिडकी, आणि या खेपेला बसायला खुर्ची. तिने ही बातमी घरात सांगितली नव्हती. त्या घरात चांगली बातमी सांगितली, की तिला लगेच कुणीतरी कामाला लावतं.

"बाजारात मिळतात की अशा टोपल्या," वकील म्हणाला. "तयार. रिबिनीसकट."

"दादा! विकतची?"

वकील वरमला. भेट घरीच बनवायची, हा बाबांचा दंडक. विकत आणतो तो परका, असं ते म्हणायचे. दुसरा दंडक त्याहून कडक होता. ज्याला द्यायचं त्याला विचारायचं नाही. विचारून दिलं ते देणं कसलं, ती तर मागणी पुरवणं झाली! बाबांनी स्वतः आयुष्यभर प्रत्येकाला लाकडी तिवया करून दिल्या. कुणाला तिवई हवी होती का, हे आजवर समजलेलं नाही.

"बरं. वास कसला घालायचा?" वहिनीने हातमोजे चढवत विचारलं. ती हातमोजे चढवल्याशिवाय चहासुद्धा गाळत नसे, असं वकील म्हणायचा. अर्थात ती घरात नसताना. "तेलात, मिठात, मेणबत्तीत, सगळीकडे एकच वास हवा. अक्कांना काय आवडतं?"

आता तिघंही टोपलीकडे पाहू लागली.

"तिला शांतता आवडते," वकील म्हणाला.

"दुकानात ठेवत नाही मी. दुसरं बोला."

"गुलाब?"

"गुलाब सगळ्यांनाच चालतो," धाकटी म्हणाली. "खास तिच्यासाठी केलंय असं वाटलं पाहिजे ना दादा. उघडलं की तिला वाटलं पाहिजे, अय्या, हे तर मीच!"

"अक्का कधी अय्या म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही," वकील म्हणाला.

"तिला गोड आवडतं का रे?"

"ती शेवटी जेवते. उरलेलं आवडतं तिला."

हे वकील गमतीने बोलला होता, पण कुणी हसलं नाही. वहिनीने उगाचच तराजूवर हात ठेवला आणि काढला.

मग धाकटीला युक्ती सुचली. "डोळे मिटा. अक्का डोळ्यांपुढे आणा. अगदी जवळ आलीय असं समजा. कसला वास येतो?"

तिघांनी डोळे मिटले आणि तिघांच्या तोंडून एकाच वेळी निघालं, "निलगिरी!"

"बघा!" वकिलाने ओट्यावर मूठ आपटली, तशी साखर उडाली. "तीन साक्षीदार, तिघांची साक्ष वेगवेगळी घेतलेली, आणि शब्दाचाही फरक नाही. याहून भक्कम पुरावा काय असतो?"

"आपण तिघं एकाच खोलीत उभं राहून ओरडलो," वहिनी म्हणाली. पण तीही खुशीत होती. निलगिरीचं तेल दुकानात मुबलक होतं.

त्यानंतर दुपार फार छान गेली, हे मान्य केलं पाहिजे. मीठ आणि सोडा कालवताना, साखरेत तेल मुरवताना तिघं इतकी रमली, की आपण हे कशासाठी करतोय याचा अधूनमधून विसर पडला. वहिनीने निलगिरीचा थेंबन् थेंब मोजून घातला. आंघोळीच्या पाण्यात टाकायचे फसफसणारे गोळे वळायचं काम वकिलाकडे होतं. त्या पिठाला पाण्याचा नुसता शिंतोडा द्यायचा असतो. त्याने अर्धी वाटी ओतली. सगळं पीठ फस्सकन फुगून परातीबाहेर आलं.

"अहो वकीलसाहेब! सगळं आजच फसफसवून टाकलंत. पाण्यात पडल्यावर काय करतील ते?"

"शांत बसतील. अक्काला शांतता आवडते म्हणालोच होतो."

शेवटी चिठ्ठ्या. वहिनीकडे दुकानातल्या छापील चिठ्ठ्यांचं भेंडोळं होतं. धाकटीने प्रत्येकीवर सुरेख अक्षरात 'लाडक्या अक्कासाठी' असं लिहिलं आणि बाटल्यांवर डकवल्या. त्याखाली 'फक्त बाह्य उपयोगासाठी' हे आधीपासून छापलेलं होतं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"आधी टोपली, मग विषय," निघताना वकिलाने बजावलं. "तिला हुंगू द्यायचं. जरा सैल पडू द्यायचं. मग मी बोलेन. तुम्ही दोघींनी मान हलवायची."

रविवारी अक्काने दार उघडलं तेव्हा तिच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. एके काळी ती शहराच्या पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची. तिचे खांदे अजून पोहणारणीचे होते, फक्त कुणीतरी वरून वजन ठेवल्यासारखे पुढे झुकलेले. खुर्च्यांच्या पाठींवर टॉवेल वाळत होते. आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं. आईला हाक ऐकू जावी आणि आईची यावी म्हणून ते कधीच पुरतं लावलं जात नसे.

"हे काय?" अक्काने टोपलीकडे पाहिलं.

"तुझ्यासाठी," धाकटी म्हणाली. "आम्ही केलं, सगळं हातांनी. तू जरा स्वतःसाठी... म्हणजे गरम पाण्यात पाय सोडून वगैरे..."

"उघड ना," वकील म्हणाला. "विषय नंतर. आधी उघड."

अक्काने रिबीन सोडली, चुरचुरणारा कागद बाजूला केला, एक बरणी उचलून झाकण फिरवलं. निलगिरी खोलीभर झाली. तिचं तोंड ताणल्यासारखं झालं, आणि तिने काही म्हणायच्या आत किलकिल्या दारातून आईचा आवाज आला.

"अगं, कुणाला धाप लागलीय? कुणाची छाती चोळताय?"

सगळ्यात आधी कळलं ते वहिनीला. तिने हात पुढे करून झाकण मागितलं, पण अक्का ते धरूनच उभी होती.

"कुणाची नाही आई," अक्का आत पाहून म्हणाली. "भेट आलीय." मग तिने बरणी डोळ्यांजवळ नेऊन चिठ्ठी वाचली. "'लाडक्या अक्कासाठी. फक्त बाह्य उपयोगासाठी.'" ती जराशी हसली. "हे मात्र बरोबर लिहिलंत."

"ते छापील आहे गं," धाकटी घाईने म्हणाली.

"निलगिरी कुणी सुचवली?"

"तुझाच वास तो," वकील म्हणाला. त्याचा आवाज कोर्टातला राहिला नव्हता. "तू जवळ आलीस की यायचा. आम्हा तिघांनाही तोच आठवला."

"बाबांच्या छातीचा वास तो. दिवसातून चारदा चोळायचे मी. जेवताना हाताला तोच, झोपताना उशीला तोच. बाबांना नेलं त्या दिवशी उरलेली बाटली मोरीत ओतली, तर मोरीला महिनाभर वास." ती हे कुणाला टोचून बोलत नव्हती. पावसाबद्दल बोलावं तसं बोलत होती, आणि त्यामुळे ऐकवत नव्हतं. "तुम्ही रविवारचे यायचात. रविवारी मी जवळ यायचे तेव्हा हाच वास येणार."

"बाटली मी द्यायचे, अक्का," वहिनी म्हणाली. "दर महिन्याला. कागदात गुंडाळून, सांडू नये म्हणून. काल थेंब मोजतानासुद्धा मला..."

धाकटीने मग तो प्रश्न विचारला, जो त्या घरात विचारायचा नसतो. "तुला कुठला वास आवडतो, अक्का?"

"क्लोरीनचा," अक्का म्हणाली. "टोपलीत बसत नाही तो."

तिने बरणी बंद केली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पलीकडच्या गावातला बंद पडलेला पोहण्याचा तलाव पुन्हा सुरू होतोय. बायकांच्या वर्गाला शिकवणारी हवीय. त्यांनी तिला बोलावलंय, राहायची सोयही तिथेच आहे. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचंय. "पाय गरम पाण्यात सोडून मला बसायचं नाही. मला पाण्यात जायचंय. सगळी. डोक्यासकट."

"या वयात?" वकिलाच्या तोंडून गेलं.

"या वयात तू खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात जायचं म्हणतोयस. मी विचारलं का, या वयात?"

वकिलाने घसा खाकरला. ठरवून आणलेलं भाषण त्याने तरीही सुरू केलं; माणसाला पाठ केलेलं वाया घालवणं जिवावर येतं. आईला या घराची सवय, म्हाताऱ्या झाडाची जागा बदलू नये, एखादी बाई ठेवू, खर्च सगळे मिळून. तिसरा मजला. अशिलं. परीक्षा.

"अहो, पुरे," वहिनी म्हणाली.

"मी फक्त वस्तुस्थिती..."

"वस्तुस्थिती समोर उभी आहे, बाह्या ओल्या आहेत तिच्या. मान हलवायची म्हणून मला आणलंत ना? ही बघा, हलवली." आणि तिने मान आडवी हलवली. "आईंना आपल्याकडे नेऊ. अशिलं बसू देत जिन्यात."

लग्न झाल्यापासून वकिलाच्या विरुद्ध साक्षीदार फुटायची ही पहिलीच वेळ होती. तो उत्तर शोधत असतानाच ते आतून आलं.

"मी वकिलाकडे जायची नाही," आई म्हणाली. "तिथे मला बोलायला मिळायचं नाही. आणि सूनबाई, तू मला तोलून जेवायला घालशील."

वकिलाने सुटकेचा श्वास सोडला आणि तो सगळ्यांना ऐकू गेला.

आता उरली धाकटी. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे खुर्चीवरच्या टॉवेलांकडे पाहत होते. ही शांतता धाकटीच्या चांगल्या ओळखीची होती. रात्रभर प्रवास करून पाहुणा येतो, सामान खाली ठेवतो, खोली त्याच्या नावावर नसते, आणि तो काही न बोलता काउंटरपलीकडून नुसता बघत राहतो. अशा वेळी काय म्हणायचं, ते तिच्या तोंडाला तिच्याशिवायही येत होतं.

"काही काळजी करू नका," ती हसून म्हणाली. "आपली सोय होईल."

बोलून गेल्यावर तिच्या कानांनी ते ऐकलं. हसू अजून चेहऱ्यावरच होतं. ते पगारातलं हसू. आपोआप उतरत नाही, उतरवावं लागतं.

"ठरलं तर मग!" वकील म्हणाला. चौघांदेखत निघालेला शब्द जमिनीवर पडू न देता झेलायची कला त्याच्या पोटापाण्याची होती.

"तू थांब रे," अक्का म्हणाली. ती धाकटीच्या जवळ आली. खरोखरच निलगिरीचा वास आला, पण आता तो बरणीचा होता. "नक्की? तुझी एकच खोली. तुझ्या कामाच्या पाळ्या. तुझं काही ठरलेलं असलं तर आत्ता सांग. मी रागावणार नाही."

सांगायला हीच वेळ होती. समुद्र, खिडकी, खुर्ची, तीन शब्द. धाकटीने तोंड उघडलं. अक्काने श्वास धरला होता. पाण्यात उडी घ्यायच्या आधी पोहणारे धरतात तसा, छातीभर.

"माझं कुठे काय ठरलेलं असतं?" धाकटी म्हणाली. "नेते मी."

अक्काने श्वास सोडला. "मग मी जरा बसते," असं म्हणून तिने एका खुर्चीवरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला आणि ती बसली. दिवसाउजेडी अक्काला त्या घरात बसलेली पाहून तिघंही अवघडली. वहिनीने टोपलीला पुन्हा कागद गुंडाळला, घट्ट, आणि ती दाराबाहेर नेऊन ठेवली.

आईला उचलायचं कसं, ते अक्काने निघायच्या दिवशी धाकटीला शिकवलं. काखेत हात घालायचे नाहीत, पाठीमागून घ्यायचं. आधी सांगायचं, मग हात लावायचा. "आणि सारखं हसू नकोस तिच्यापुढे," अक्का म्हणाली. "तिला वाटतं आपण हॉटेलात आलोय." मग ती आईच्या कपाळाला ओठ लावून, मागे न बघता जिना उतरली. तिच्या पाठीवरच्या पिशवीतून पोहण्याच्या टोपीचा रबरी बंद बाहेर लोंबत होता.

धाकटीच्या खोलीत पलंगावर आता आई असते, धाकटी जमिनीवर. दार धाकटीनेही लावायचं सोडलंय. सकाळच्या पाळीला आईपाशी एक बाई येते. ती आईला आपल्या जावेच्या तक्रारी सांगते, आणि आई पक्षपात न करता जावेची बाजू घेते.

थंडी ऐन भरात असताना एका दुपारी हॉटेलच्या साहेबांचा फोन आला. धाकटीने स्वयंपाकघरात जाऊन घेतला. स्वयंपाकघर म्हणजे खोलीचाच कोपरा, मध्ये पडदा.

"तुम्ही नाही म्हणालात, पण मनासारखं दुसरं कुणी मिळत नाहीये," साहेब म्हणाले. "उन्हाळा लागेपर्यंत जागा धरून ठेवतो. तोवर घरचं काही झालं, म्हणजे काही सोय झाली, तर कळवा."

"नक्की. आभारी आहे," धाकटी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"समुद्रावरची जागा ना?" पलीकडून आई म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"पाय गेलेत गं माझे. कान कुठे गेलेत?"

धाकटी पडदा सारून बाहेर आली. आई छताकडे बघत पडली होती. हात पोटावर एकावर एक ठेवलेले, आगगाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

"कधीपर्यंत थांबतायत?"

"उन्हाळ्यापर्यंत. पण ते राहू दे, मी काही..."

"उन्हाळा म्हणजे तसा जवळच आला," आई म्हणाली. तिने थोडा विचार केला. बाजारातून येताना अमुक आणशील का म्हटल्यावर करावा तेवढाच. "बघते. जमतंय का."

असं अभद्र काय बोलतेस, असं म्हणायला धाकटी वळली. पण आईची नजर आता खिडकीबाहेरच्या झाडावर होती. फांद्या अजून उघड्या होत्या, आणि त्यांना पालवी फुटायला किती अवकाश आहे, याचा ती अंदाज घेत होती.